रात्री किती जणी असतात?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना अधूनमधून म्हाताऱ्या माणसांची आठवण येते. मग ‘वृद्धाश्रम निवडताना’ किंवा ‘आईबाबांसाठी योग्य जागा’ असा एखादा लेख येतो आणि त्यात एक चौकट असते. जागा हवेशीर आहे का, बाग आहे का, देवघर आहे का, जेवण शाकाहारी आहे का, सणवार साजरे होतात का, आसपास शांतता आहे का. अलीकडे त्यात लिफ्ट आणि सीसीटीव्हीची भर पडली आहे. आमच्या गटातल्या चार-पाचजणींवर गेल्या काही वर्षांत अशी जागा शोधायची वेळ आली. कुणाची आई, कुणाची सासू, एकीची बिनलग्नाची आत्या. त्या निमित्ताने बऱ्याच जागा पाहून झाल्या. अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला जखम होणार की नाही, हे सांगू शकेल असा एकही प्रश्न त्या चौकटीत नाही.

ही चौकट ज्याच्यासाठी लिहिलेली असते, तो माणूस रविवारी सकाळी अकराला येतो. व्यवस्थापकाच्या खोलीत बसतो, चहा घेतो. तोवर आईला अंघोळ घालून, पावडर लावून, धुतलेला गाऊन घालून खुर्चीत बसवलेलं असतं. फरशीला फिनाईलचा वास येत असतो. तो मनाशी म्हणतो, सोय चांगली झाली. त्याला खोटं पाडायचं कारण नाही, त्याने पाहिलं ते खरंच आहे. पण आठवड्याचे तास १६८ आणि त्याने पाहिला त्यातला एक. उरलेल्या १६७ तासांत तिच्याजवळ कोण असतं हे तो विचारत नाही, कारण घरीही त्याने ते कधी विचारलेलं नव्हतं. आजाऱ्याची चादर कोण बदलतं, भांडं कोण देतं, रात्री हाक आली की कोण उठतं, हे घरात ‘आपोआप’ व्हायचं. त्या आपोआपचं नाव बायको, बहीण किंवा आई असं होतं. आता तेच आपोआप महिन्याच्या पैशांत मिळतंय, एवढीच त्याची समजूत.

आमचं म्हणणं साधं आहे. शुश्रूषेचा दर्जा पाहायचा तर शुश्रूषा करणारीकडे पाहा. त्या किती जणी आहेत, सलग किती तास राबतात, त्यांना काय शिकवलं आहे आणि महिनाअखेर हातात काय पडतं. बाग त्यानंतर.

थोडा हिशेब करू. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. नाही वळवलं तर माकडहाड, कुल्ले, खांदे, टाचा यांवर शरीराचा भार एकाच जागी पडत राहतो, तिथलं रक्त अडतं, कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि पुढे हाडापर्यंत जाणारी जखम होते. आता एक केंद्र धरा. अंथरुणातच असलेले २० जण, रात्रपाळीला दोन बाया, आठ ते आठ. बारा तासांत प्रत्येकाला सहा वेळा वळवायचं म्हणजे १२० वेळा. जड माणसाला एकटीने वळवता येत नाही, दोघी लागतात. एका वेळेला पाच मिनिटं धरली, आणि त्यात ओलं काढणं, पुसणं धरलेलं नाही, तरी दोघींचे मिळून दहा तास फक्त कूस बदलण्यात गेले. उरलेल्या दोन तासांत वीसजणांचे डायपर, पाणी, औषधं, उलटी, भांडं, पडलेल्याला उचलणं, घाबरलेल्याजवळ बसणं, आणि स्वतःचं जेवण. सकाळी आठला पाळी संपायच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकून द्यायच्या, म्हणून पहाटे चारला अंघोळी सुरू होतात. थंडीच्या दिवसांत पहाटे चारला अंघोळ घातलेल्या म्हातारीला विचारावं, तुमच्या केंद्राला किती गुण द्याल.

म्हणजे अशा जागी बेडसोअर झाला तर तो कुणाच्या निर्दयपणामुळे झाला असं शोधत बसायला नको. ते भागाकाराचं उत्तर आहे. त्या दोघी कितीही मायाळू असोत, शरीर दोनच आहेत. मालकाला हा भागाकार ठाऊक असतो. तिसरी बाई ठेवायची तर तिचा पगार नफ्यातून जातो, आणि भेटायला येणाऱ्याला ती तिसरी बाई दिसणारच नसते, कारण तो रात्री येत नाही. बाग मात्र दिसते.

हात कमी पडले की काय काय सुचतं, तेही पाहण्यासारखं आहे. दात नसलेल्या, सावकाश गिळणाऱ्या माणसाला चमच्याने भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो, नाकातून नळी घातली की काम पाच-दहा मिनिटांत आटोपतं. नळी गरजेची असते तेव्हा असतेच, तो निर्णय डॉक्टरचा. पण एका खोलीतल्या सहापैकी पाचजणींना नळी असेल तर ती पोटाची गरज आहे की पाळीची, हे विचारायला हवं. लघवीच्या नळीचंही तसंच. ओलं बदलायचे कष्ट वाचतात, पुढे संसर्ग होऊन ताप आला तर तो ‘वयाप्रमाणे’ आला असं कळवता येतं. रात्री ओरडणाऱ्याला झोपेचं औषध. नळी उपसणाऱ्याचे हात पलंगाला बांधायचे, मऊ पट्टीने, म्हणजे वळ उठत नाहीत. यातलं प्रत्येक काम एखाद्या वेळी योग्य असू शकतं. सगळ्यांवर सर्रास होतं तेव्हा ते मनुष्यबळ वाचवण्याचं साधन असतं.

आणि केस. आम्ही पाहिलेल्या बहुतेक जागी बायकांचे केस कापलेले होते. पुरुषांसारखे, मानेच्या वर. विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्वच्छता, उवा होतात, विंचरायला वेळ नाही. त्या बाईला विचारलं होतं का? तर प्रश्नच कळला नाही अशी नजर. जिने सत्तर वर्षं वेणी घातली, तेल लावलं, अंबाडा बांधला, तिला एका दुपारी खुर्चीत बसवून कात्री चालवायची आणि तिने हात वर केला तर एकीने तो धरून ठेवायचा. आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. पूर्वी विधवेच्या डोक्यावरचे केस धर्माच्या नावाने उतरवायचे आणि तिला विचारत नसत. आता सोयीच्या नावाने उतरवतात आणि तिला विचारत नाहीत. लुगडं जाऊन गाऊन येतो, कुंकू-टिकली जाते, आडनाव जातं, राहते ती ‘चार नंबरची आजी’. अंघोळीच्या वेळी पडदा ओढतात का, बाईला पुरुष अटेंडंट अंघोळ घालतो का, घालत असेल तर तिला विचारून का, हे पुरवणीच्या चौकटीत कधी वाचलंय? तिची लाज उरलेली नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

यावर एक उत्तर मिळतं की त्यांना कुठे काय कळतंय. भारतातल्या ६० वर्षांपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात आहे, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा स्पष्टच जास्त निघालं. आठवण गेली म्हणून दुखायचं थांबत नाही. उलट ज्याला तक्रार सांगता येत नाही त्याच्या बाबतीत पाहणाऱ्याने जास्त बारकाईने पाहायला हवं. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यावर मागाहून चढला. बोलता न येणाऱ्याचंही ऐकायचं असतं, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पुन्हा तीच तिसरी बाई.

आता त्या बाईकडे वळू. तिला सगळे मावशी म्हणतात. नातं लावलं की पगार विचारायचा नसतो, ही आपली जुनी रीत. बहुतेकजणी ब्युरोमार्फत आलेल्या. गावाकडे शेत कोरडं पडलेलं, नवरा गेलेला किंवा असून नसल्यासारखा, मुलं आईकडे ठेवलेली. ब्युरो आपला वाटा कापून घेतो. पाळी बारा तासांची, दुसरी आली नाही तर चोवीस तासांची. सुट्टी म्हणजे खाडा. निजायला वेगळी जागा नाही, दोन पलंगांच्या मधली फरशी. प्रशिक्षण? एकीने सांगितलं, “आधीच्या मावशीनं दोन दिवस दाखवलं, मग ती काम सोडून गेली.” जड शरीरं उचलून हिची कंबर गेली की हिलाही बदलायचं. किमान वेतन, फंड, भरपगारी रजा हे शब्द तिच्या कानावर आलेले नाहीत. रात्री दोनला एखाद्या रुग्णाने किंवा डॉक्टरसाहेबांनी हात धरला तर कुठे जायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत रुग्णालयं आणि शुश्रूषागृहं शब्द लिहून घातलेली आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रार समिती असलीच पाहिजे. तुम्ही पाहायला जाल त्या जागी विचारा, समितीच्या अध्यक्ष कोण. उत्तरावरून पुष्कळ कळेल.

इथे आपल्यालाही आरसा पाहावा लागेल. दर ठरवताना घासाघीस आपणच करतो. आणि मैत्रिणींनो, आणखी एक प्रश्न विचारला जातो, हळू आवाजात, निघता निघता: स्वयंपाकाला कोण आहे? बाया कुठल्या समाजाच्या आहेत? घाण काढायला चालतात त्यांनी पाण्याचं भांडं दिलेलं चालत नाही. ज्या केंद्रात मावश्यांचे चहाचे कप वेगळे ठेवलेले असतात, तिथला दर्जा काय आहे हे पाहायला पुढे जायची गरजच नाही.

या सगळ्याबद्दल बोलायला लागलं की व्याख्यानमालेतले वक्ते वेगळंच गाऱ्हाणं गातात. वृद्धाश्रम वाढले कारण संस्कार संपले, सुना नोकरीला गेल्या, एकत्र कुटुंब मोडलं. त्या एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचं करायचं कोणी? हे वक्ते कधी आईचा गू-मूत काढायला रजा घेऊन बसले होते का? २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. त्याच वयाच्या पुरुषांत विधुर होते सुमारे १५ टक्के. आकडे सांगतात ते आपण घरोघरी पाहिलेलं आहे. नवऱ्याचं शेवटचं आजारपण बायको काढते, आणि तिचं आजारपण येतं तेव्हा तिच्या बाजूला बायको नसते. म्हणून केंद्रात ती येते. पैसे मुलगा भरतो, सही मुलाची, पाहणी सून करते, आणि काही बिनसलं तर ‘सुनेनं टाकलं’. २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं जे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, त्यात ‘मुलं’ या शब्दात सून-जावयांनाही ओढलं होतं. त्याच विधेयकात केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूदही होती, ती आम्हाला हवी होती. विधेयक मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये ती लोकसभा संपली आणि त्याबरोबर तेही संपलं. मूळ २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असं गृह उभारायचं सरकारवर आहे, आणि मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाह खर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. अंथरुणातल्या माणसाला ठेवायला शहरातली बरी केंद्रं याच्या कितीतरी पट मागतात.

मग कायदा नाहीच का? आहे, आणि तो म्हातारा झालेला आहे. मुंबई राज्यात १९४९ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला, तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या व्याख्येत आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी कोणतीही जागा येते. दुर्बलता हा शब्द नीट वाचा. प्रमुख म्हणून पात्र डॉक्टर किंवा तिथेच राहणारी पात्र नर्स नसेल, किंवा शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारता येते, असं याच कायद्यात आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायलाही सांगितलं. पण अंथरुणातल्या वृद्धांची केंद्रं चालवणारे म्हणतात, आम्ही उपचार कुठे करतो, आम्ही फक्त सांभाळतो. नाकातून नळी, इन्सुलिन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग, ही ‘सांभाळण्याची’ कामं? पाहुणे सांभाळावेत तसं? नोंदणी करायची वेळ आली की आश्रम, बिल करायची वेळ आली की नर्सिंग चार्जेस वेगळे. आणि महापालिकेचा आरोग्य विभाग हा युक्तिवाद मुकाट्याने मान्य करतो, कारण मान्य केला की तपासणी करावी लागत नाही.

हेही नवीन नाही. १९९०च्या सुमारास मुंबईतल्या खाजगी नर्सिंग होमच्या अवस्थेबद्दल उच्च न्यायालयात याचिका झाली, न्यायालयाने समिती नेमली, आणि पाहणीत राहत्या इमारतींतले गाळे, पत्र्याच्या शेड, अप्रशिक्षित नर्सेस असं सगळं बाहेर आलं. कायदा तेव्हाही चाळीस वर्षांचा होता. त्या वेळी बाळंतिणींच्या आणि ऑपरेशनच्या खोल्यांबद्दल जे ओरडून सांगावं लागलं, तेच आता म्हाताऱ्यांच्या खोल्यांबद्दल सांगावं लागतंय.

कुणी म्हणेल, परदेशात बघा कशी ताऱ्यांची पद्धत आहे. बघितलं. अमेरिकेत २००८ पासून सरकार नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. त्यातली बरीच माहिती केंद्रं स्वतःच कळवत असत, मनुष्यबळाचा आकडासुद्धा. त्यावर टीका झाली आणि २०१६ पासून पगारपत्रकावरून आकडे मागवायला सुरुवात झाली. म्हणजे एवढा खटाटोप करून तेही अखेर तिथेच पोचले, कामावर खरोखर किती जणी होत्या. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक रुग्णामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची शुश्रूषा हवी असा नियम केला. मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द ठरवला. मालक कशाला घाबरतात ते यावरून समजावं. ताऱ्यांना त्यांची हरकत नव्हती.

तेव्हा जागा पाहायला रविवारी जाऊ नका. आडवारी रात्री दहाला जा, ‘अचानक यावं लागलं’ म्हणा. आत सोडत नसतील तर तेही उत्तरच आहे. आत गेलात तर पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का ते बघा, की खिडकीवर ठेवला आहे. घंटी तिच्या हाताला लागते का. परवानगी घेऊन पांघरूण बाजूला करा आणि टाचा बघा, टाच खोटं बोलत नाही. नखं बघा. ओठ कोरडे आहेत का बघा. कूस बदलल्याची वही मागा, आणि रात्री दहालाच पहाटे सहाची नोंद भरून ठेवलेली असेल तर ती वही तिथेच ठेवून उठा. व्यवस्थापकाला न विचारता मावशीला विचारा की तुमची पाळी कधी सुटते, शेवटची सुट्टी कधी घेतली होती, जेवलात का. तिच्या तोंडून मालकाविरुद्ध काही वदवून घेऊ नका, तिची नोकरी जाईल. ती किती वर्षं इथे आहे एवढं पुरे. ज्या जागी बाया टिकत नाहीत, तिथे तुमच्या आईचं नाव ठाऊक असलेली बाई दर तीन महिन्यांनी नवी असते.

एकेकीने पाहून भागणार नाही, कारण चांगली जागा मिळाली की आपण गप्प बसतो आणि वाईट जागेतली चादर दुसरीच्या आईच्या अंगावर जाते. म्हणून गटाने ठरवलं आहे की माहितीच्या अधिकाराखाली आपापल्या महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे अर्ज करायचे. विचारायचं ते तीनच गोष्टी: अंथरुणातल्या वृद्धांना ठेवून घेणाऱ्या किती केंद्रांची १९४९च्या कायद्याखाली नोंदणी आहे, प्रत्येकाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, आणि त्या दिवशी रात्रपाळीला पात्र परिचारिका आणि मदतनीस किती होत्या. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. अर्जाचा मराठी मसुदा कचेरीत ठेवला आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात मिळेल. आलेली उत्तरं, नकारसुद्धा, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात जिल्ह्यांच्या नावासकट छापू.